पडून असलेली रायफल ठेवू की विकू?
विकायचं पक्कं करण्याआधी ती एकदा नेमबाजीच्या रेंजवर घेऊन जा. कपाटात पडलेली रायफल नकोशीच वाटते. गोळ्या नेमक्या जागी बसल्या की मत बदलतं, नाहीतर खांदा दुखला की निकालच लागतो. मग एवढंच बघ: हिचं काम तुझी दुसरी रायफल करते का? करत असेल आणि हिची काडतुसं मिळायची मारामार असेल, तर खुशाल विक. पॉइंट टू-टू (.22, म्हणजे बारीक गोळीची रायफल) असेल तर मात्र मी विकू नको म्हणेन. धक्का जवळजवळ नाहीच, गोळी स्वस्त, सरावाला तिच्यासारखी दुसरी नाही.

ठेवणार असशील तर फोमच्या केसमध्ये महिनोन्महिने कोंबून ठेवू नकोस. फोम ओल धरतो आणि जिथे टेकतो तिथेच गंज चढतो. बोटांचे ठसेही तेलाच्या फडक्याने लगेच पुस, घामातलं मीठ लोखंडाला खातं.

विकायचीच ठरली आणि रायफल जुनी असली, तर घासूनपुसून नवी करायला जाऊ नकोस. मूळ फिनिश गेलं की जाणकार गिऱ्हाईक भाव पाडतं. आणि घेणारा कितीही ओळखीचा असो, कायदेशीर नोंद झाल्याशिवाय त्याच्या हातात देऊ नकोस.