ताटातले प्रश्न : भाकरी आली, पण माप?

प्रश्न : सासऱ्यांना मधुमेह आहे, वय 64. सहा महिन्यांपासून त्यांचा भात पूर्ण बंद केला. दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, पातळ पिठलं आणि शेंगाची चटणी. तरी जेवणानंतरची साखर 230-240 च्या खाली येत नाही. भाकरीनं साखर वाढत नाही ना? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : वाढते. ज्वारीत पांढऱ्या तांदळापेक्षा तंतू बरेच जास्त असतात, म्हणून ती उजवी. पण ती धान्य आहे, आणि धान्यातल्या पिष्टाची पोटात साखरच होते. तुम्ही सगळं कळवलंत, फक्त भाकरी किती ते कळवलं नाहीत. बहुतेक घरांत नेमकं तिथंच घोडं अडतं.

एक दिवस वजनकाटा घ्या. रोजच्या सवयीनं परातीत पीठ घ्या, पण मळायच्या आधी तोला. समजा 420 ग्रॅम पीठ भरलं आणि त्यात सहा भाकऱ्या झाल्या, तर एक भाकरी 70 ग्रॅम पिठाची. तिच्यात 45 ग्रॅमच्या आसपास पिष्ट असतं, आणि दीडशे ग्रॅम, म्हणजे वाटीभर, शिजलेल्या भातातही जवळपास तेवढंच. म्हणजे सासरे पूर्वी दीड वाटी भात खात असतील आणि आता तीन भाकऱ्या खात असतील, तर भात बंद करून पिष्ट दुप्पट झालं.

कडक भाकरीचा आणखी एक घोटाळा. ती हातात पापडासारखी हलकी लागते, म्हणून चार-पाच सहज संपतात. हलकी होते ती पाणी उडून गेल्यामुळे. पीठ जागच्या जागीच असतं.

पातळ पिठल्याच्या एका वाटीत बेसन जेमतेम दोन-तीन चमचे, बाकी पाणी. त्याला डाळीचा पदार्थ म्हणणं म्हणजे मनाचं समाधान. शेंगाची चटणी चांगलीच, पण दोन मोठे चमचे चटणी म्हणजे शंभरावर कॅलरी, आणि वर तेल घेतलं तर आणखी. तिला भाजीच्या जागी बसवू नका.

महिनाभर असं करून बघा :

एका जेवणाला भाकरी दीड, 70 ग्रॅमच्या हिशेबानं. सोबत मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची घट्ट उसळ एक वाटी (कोरडं कडधान्य 30 ग्रॅम), नाहीतर घट्ट झुणका. भाजी दोन वाट्या, त्यातली एक कच्ची : काकडी, मुळा, कांद्याची पात, मेथीची पचडी. आपल्याकडच्या खानावळीत ताटाच्या कडेला कच्ची मेथी आणि काकडी ठेवतात, ती शोभेला नसते. आधी ती पचडी आणि उसळ अर्धी संपवायची, मग भाकरीला हात लावायचा. पिष्ट शेवटी पोटात गेलं की साखर एकदम उसळत नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं, अंगणातल्या अंगणात असलं तरी चालेल.

मोजायचं कसं? घरी ग्लुकोमीटर असेल तर जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा. ताट संपल्यापासून वेळ धरलीत तर आकड्यांची तुलना होणार नाही. एक दिवस जुनं ताट, दुसऱ्या दिवशी नवं, आणि दोन्ही आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

एक सावधगिरी मात्र नक्की. ते इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही विशिष्ट औषधं घेत असतील, तर धान्य एकदम निम्मं केल्यावर साखर खाली घसरू शकते. आधी डॉक्टरांना सांगा. घाम, थरथर, डोळ्यांसमोर अंधारी आली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

प्रश्न : आमच्याकडे गूळ घरचा. साखर सोडून गुळाचा चहा सुरू केला, दिवसाला चार कप. लोहही मिळतं असं ऐकलं. (एक वाचक, निपाणी)

उत्तर : गूळ म्हणजे बहुतांशी साखरच, जोडीला थोडी खनिजं. चार कपांत दोन-दोन चमचे धरले तर रोजचे 40 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार दोन हजार कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर 50 ग्रॅमच्या आत असावी, 25 च्या आत असली तर उत्तम. त्यात गूळही धरायचा. दर आठवड्याला कपामागे पाव चमचा कमी करा. जीभ कुरकुर करत नाही. राहिलं लोह. चहातली टॅनिनं तेच लोह शोषू देत नाहीत. लोहासाठी पालेभाजीवर लिंबू पिळा आणि जेवण व चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा.

प्रश्न : ऑफिसातून साडेसहाला आलं की फरसाणाचं पाकीट उघडतं आणि मोबाइल बघता बघता संपतं. रात्री भूक नसते, तरी जेवते. मनावर ताबाच नाही. (एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : मनाला लगेच दोष देऊ नका. समजा दुपारचा डबा एकला, रात्रीचं जेवण साडेनऊला, म्हणजे मध्ये साडेआठ तास. एवढ्या वेळात भूक लागणारच. आणि भुकेल्या माणसासमोर फोडलेलं पाकीट असेल तर ते संपणारच.

तेव्हा भुकेच्या आधी खा. साडेचार-पाचला, ऑफिसातच : फुटाणे मूठभर (30 ग्रॅम) आणि एक पेरू, किंवा ताक आणि उकडलेल्या शेंगा. घरी येईपर्यंत भुकेची धार बोथट झालेली असते.

तरीही हात पाकिटाकडे गेला तर स्वतःला एक प्रश्न विचारा : आत्ता मटकीची उसळ दिली तर खाईन का? हो असेल तर ती भूक आहे. मग जेवणच लवकर घ्या, साडेसातला. नाही, फरसाणच पाहिजे असं असेल तर ती तलफ. तलफेलाही नाही म्हणायची गरज नाही. वाटीत काढा, पाकिटाला रबर लावून फळीवर ठेवा आणि बसून, मोबाइल उलटा ठेवून खा. पाकिटातून थेट खाताना किती झालं हे डोळ्याला दिसत नाही, वाटीचा तळ मात्र दिसतो. कुंद्यालाही (बेळगावची दुधाची मिठाई) हाच नियम. डबा मध्ये ठेवून चमचे फिरवायचे नाहीत. बशीत एक मोठा चमचा, जेवण झाल्यावर.

प्रश्न : मुलांना नाचणीची बिस्किटं देते. मैद्यापेक्षा बरी ना? (एक वाचक, चिक्कोडी)

उत्तर : पाकीट उलटं करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात. पहिलं नाव ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ असेल तर ते मैद्याचं बिस्किट, नाचणी पुढच्या बाजूच्या चित्रात. साखर आणि पामतेल पहिल्या तीन-चारांत असतील तर नाचणी किती टक्के लिहिली आहे ते बघा. मिठासाठी सोडियमच्या आकड्याला अडीचनं गुणा : 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. मोठ्या माणसाचं दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत, मुलांचं त्याहून कमी. आकडे शंभर ग्रॅमचे आहेत की दोन बिस्किटांचे, तेही वाचा.

नाचणीच द्यायची तर आंबील करा. दोन मोठे चमचे पीठ रात्री अर्धी वाटी ताकात कालवून ठेवा. सकाळी दोन वाट्या पाणी उकळा, गॅस बारीक करा, कालवण ढवळत ढवळत सोडा आणि सात-आठ मिनिटं शिजू द्या. पीठ कोरडंच उकळत्या पाण्यात टाकलं की वरचा थर लगेच शिजतो, आतलं कोरडं राहतं आणि गुठळ्या होतात. गुठळीवाली आंबील मुलं तोंडात धरून बसतात, गिळत नाहीत. कोमट झाल्यावर थोडं ताजं ताक, जिरेपूड आणि चिमूटभर मीठ घाला.

प्रश्न : एकादशीला साबुदाणा खावा की रताळं? (एक वाचक, बेळगाव तालुका)

उत्तर : रताळं, तेही आपल्याच पट्ट्यातलं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसतं पिष्ट. 75 ग्रॅम साबुदाणा, कूट, बटाटा आणि चार चमचे तूप घातलेली खिचडीची बशी सहाशे कॅलरींच्या घरात जाते. 200 ग्रॅम रताळं सालीसकट उकडून, वाटीभर दही आणि मूठभर उकडलेल्या शेंगा घेतल्या तर कॅलरी कमी आणि प्रथिनं जवळपास दुप्पट. मधुमेह असेल तर रताळं भाजण्याऐवजी उकडा. हळूहळू भाजताना त्यातल्या पिष्टाची साखर होते, म्हणूनच भाजलेलं जास्त गोड लागतं. आणि पाकात घोळवलेल्या फोडी? त्या फराळात धरू नका, मिठाईत धरा.