संगणक-शंका : सुरू होतानाच दमणारा संगणक

प्रश्न : मी घरी दहावीच्या शिकवण्या घेते. माझ्याकडे सात वर्षांपूर्वीचा, विंडोज १० असलेला आणि ४ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. पासवर्ड टाकल्यावर पडद्यावर सगळी चिन्हे दिसतात, पण पुढची सात-आठ मिनिटे कशावरही क्लिक केले तरी काहीच उघडत नाही. एकदा सुरळीत झाला की तो बरा चालतो. दुकानदार म्हणतात, फॉरमॅट मारावा लागेल. दुसरा काही उपाय आहे का? सुरुवातीला चालू होणाऱ्या प्रोग्रामांच्या यादीचे छायाचित्र सोबत पाठवत आहे.
— एक वाचिका, विलेपार्ले (पूर्व)

उत्तर : फॉरमॅट मारण्याची घाई करू नका. आपण दोन गोष्टी नेमक्या टिपल्या आहेत. विलंब पासवर्ड टाकल्यानंतर होतो, आणि तो ओसरला की संगणक बरा चालतो. विंडोज मुळातच बिघडलेले असते, तर त्रास दिवसभर झाला असता. पासवर्ड टाकताच जे प्रोग्राम आपल्या नकळत एकाच वेळी उठतात, त्यांची गर्दी हे इथले संभाव्य कारण आहे. आपण एखादा प्रोग्राम बसवतो, तेव्हा त्यांतले बरेचसे 'विंडोजबरोबर सुरू व्हा' अशी नोंद स्वतःच करून ठेवतात. बसवताना आपण 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत पुढे जातो आणि ती खूण तशीच राहते. सात वर्षांत अशा नोंदी किती साचत असतील, ते आपल्या छायाचित्रात दिसतेच.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. तो लहान आकारात उघडला तर खालच्या 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करावे आणि 'स्टार्टअप' या भागात जावे. (विंडोज ११ मध्ये हाच भाग 'स्टार्टअप ॲप्स' या नावाने डाव्या बाजूच्या पट्टीत असतो. विंडोज ७ वापरणाऱ्यांना मात्र तो टास्क मॅनेजरमध्ये सापडणार नाही, कारण तेव्हा ही यादी एमएसकॉन्फिग या साधनात होती.) प्रत्येक नावापुढे 'स्टार्टअप इम्पॅक्ट' असा रकाना असतो. त्यातला 'हाय' हा शेरा अंदाजाने दिलेला नसतो. सुरू होताना ज्या प्रोग्रामने प्रोसेसरचा १ सेकंदाहून अधिक वेळ घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीहून अधिक वाचन-लेखन केले, त्याला 'हाय' म्हणतात. ३०० मिलिसेकंद आणि ३०० केबी या दोन्हींच्या आत राहिलेला प्रोग्राम 'लो' ठरतो आणि मधले 'मीडियम' असतात. त्यामुळे 'लो' लिहिलेल्या नोंदींच्या मागे लागण्यात वेळ घालवू नये. आधी 'हाय'कडे पाहावे.

नावावर उजवे क्लिक करून 'डिसेबल' निवडले की तो प्रोग्राम पुढच्या वेळी आपोआप उठत नाही. तो संगणकावरून पुसला जात नाही, हे इथे आवर्जून सांगायला हवे, कारण याच भीतीपोटी अनेक जण या यादीला हात लावत नाहीत. हवा तेव्हा तो स्टार्ट मेन्यूतून उघडता येतो आणि मन बदलले तर त्याच जागी 'एनेबल' करता येते.

आता आपल्या यादीकडे वळू. स्पॉटिफाय आणि टीम्स हे दोन्ही निःशंकपणे डिसेबल करावेत; शिकवणीच्या वेळी टीम्स लागलेच, तर ते हाताने उघडायला फार वेळ लागत नाही. स्काइप तर मे २०२५ मध्येच बंद झाले आहे, त्यामुळे ते संगणकावरून काढूनच टाकावे. प्रिंटरच्या सोबतीचा प्रोग्राम शाई संपत आल्याची सूचना देण्यासाठी उठतो. तो बंद केल्याने छपाई सहसा अडत नाही. स्कॅनरच्या बटणावर काम करण्याची सवय असेल, तर मात्र तो राहू द्यावा. फाइलींची प्रत इंटरनेटवर ठेवणाऱ्या वनड्राइव्हबाबत थोडे थांबून विचार करावा. डेस्कटॉपवरचे आणि डॉक्युमेंट्समधले कागद त्यात आपोआप साठत असतील, तर त्याला बंद केल्यावर तो पुन्हा हाताने उघडेपर्यंत नवी प्रत वर चढणार नाही आणि मुलांच्या प्रश्नपत्रिका फक्त या जुन्या लॅपटॉपवरच राहतील. मी आपल्या जागी असतो तर वनड्राइव्ह चालू ठेवला असता.

टचपॅड, आवाज आणि विंडोज सिक्युरिटी यांच्या नोंदींना हात लावू नये. आपल्या यादीत मुदत संपलेला एक अँटिव्हायरसही दिसतो. तो नुसता डिसेबल न करता पूर्णपणे काढून टाकावा. मग विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप जबाबदारी घेतो. ज्यांना जीएसटी किंवा आयकराच्या कामासाठी डिजिटल सहीचे टोकन लागते, त्यांनी त्या टोकनचा प्रोग्राम राहू द्यावा, नाहीतर ऐन विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी सही उमटत नाही आणि दोष मात्र वेबसाइटला दिला जातो.

यादीच्या तळाशी कोऱ्या पांढऱ्या चिन्हाची आणि नुसते 'प्रोग्राम' एवढेच नाव असलेली एक नोंद आहे. बहुतेकांना ती पाहून व्हायरसची शंका येते. अनेकदा ती काढून टाकलेल्या एखाद्या प्रोग्रामची उरलेली खूण असते. फाइलचा पत्ता अवतरणचिन्हांत नसला की विंडोज पहिल्या रिकाम्या जागेपाशी थांबून 'प्रोग्राम फाइल्स'मधला पहिलाच शब्द नाव म्हणून दाखवते. रकान्यांच्या शीर्षकावर उजवे क्लिक करून 'कमांड लाइन' निवडले की पूर्ण पत्ता दिसतो आणि ती कोणाची आहे हे कळते. पत्ता ओळखीचा नसेल, तर नोंद डिसेबल करून डिफेंडरने पूर्ण तपासणी करावी.

एवढे झाल्यावर संगणक 'रीस्टार्ट' करून पाहावा, 'शटडाउन' करून नव्हे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असेल, तर शटडाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलला जातो. खरी नवी सुरुवात रीस्टार्टनेच होते.

यानेही सात मिनिटांची चारच झाली, तर टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' भागात डिस्कवर क्लिक करावे. तिथे डिस्कचा प्रकार लिहिलेला असतो. तो 'एचडीडी' (फिरत्या तबकडीची जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क) असेल आणि सुरुवातीला तिचा वापर १०० टक्क्यांवर चिकटून राहत असेल, तर अडचणीचे मूळ तिथे आहे. लॅपटॉपमधली नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. त्यात वाचणारी दांडी इकडून तिकडे हलण्याचा वेळ मिळवला, तर विखुरलेल्या लहान फाइली ती सेकंदाला शंभरसुद्धा उचलू शकत नाही, आणि सुरुवातीला नेमकी अशाच हजारो फाइलींची मागणी होते. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारे काहीच नसल्याने हे काम मिलिसेकंदाच्या अंशात होते. नवा लॅपटॉप घेण्याआधी लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारात एक चक्कर मारून एसएसडीचा आणि जमल्यास ४ जीबी जादा रॅमचा भाव काढावा. जुन्या डिस्कवरचे सगळे जसेच्या तसे नव्या डिस्कवर उतरवून देतात का, हेही आधीच विचारून घ्यावे.

प्रश्न : मी प्रोग्राम डिसेबल करतो, पण काही दिवसांनी तेच पुन्हा आपोआप सुरू झालेले दिसतात. असे का होते?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : काही प्रोग्राम अद्ययावत होताना आपली नोंद नव्याने करतात. त्यामुळे डिसेबल करण्याआधी त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'संगणकाबरोबर सुरू व्हा' ही खूण काढावी. ब्राउझरचा मामला वेगळा आहे. क्रोमच्या 'सिस्टीम' भागात, क्रोम बंद केल्यावरही पार्श्वभूमीला ॲप चालू ठेवण्याचा पर्याय असतो आणि एजमध्ये 'स्टार्टअप बूस्ट' असतो; कमी रॅमच्या संगणकावर हे दोन्ही बंद ठेवावेत. शिवाय विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स'खालच्या 'साइन-इन ऑप्शन्स'मध्ये, बंद करताना उघडे असलेले ॲप पुढच्या वेळी पुन्हा उघडण्याची सोय आहे. ती चालू असेल, तर स्टार्टअपची यादी कितीही साफ केली तरी आदल्या रात्रीचे ॲप सकाळी समोर हजर होतात.

प्रश्न : आमचा लग्नपत्रिका छपाईचा व्यवसाय आहे. संगणक जलद व्हावा म्हणून मुलाने स्टार्टअपमधले सगळेच बंद केले. संगणक झटकन सुरू होतो, पण मराठी टाइप होत नाही.
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : मराठी टंकनाचा जुना प्रोग्राम पार्श्वभूमीला चालू राहून कळफलकाचे ठोके मराठी अक्षरांत बदलत असतो. तोच झोपवला गेला आहे. त्याच यादीत त्याचे नाव शोधून 'एनेबल' करावे आणि संगणक रीस्टार्ट करावा. आपल्या जुन्या पत्रिकांच्या फाइली त्याच प्रोग्रामच्या खास फाँटमध्ये असणार, तेव्हा त्यांच्यात दुरुस्त्या करायच्या असतील तोवर तो काढून चालणार नाही. साधी पत्रे, ईमेल आणि युनिकोडमधला (खास फाँटशिवाय कोणत्याही संगणकावर वाचता येणारा) मजकूर यांच्यासाठी मात्र त्याची गरज नाही. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक आहेच, आणि २०१९ च्या मे महिन्यात आलेल्या अद्यतनापासून विंडोज १० मध्ये उच्चारानुसार टंकन करण्याचा मराठी कळफलकही मिळतो. सेटिंग्जमधल्या 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये मराठी भाषा जोडून तिच्या 'ऑप्शन्स'मधून तो निवडता येतो, आणि विंडोजची कळ व स्पेस बार एकत्र दाबून इंग्रजीवरून मराठीवर जाता येते. आपल्याकडे दोन संगणक असतील, तर जुना प्रोग्राम पत्रिका जुळवणाऱ्या संगणकावरच ठेवावा आणि हिशेबाच्या संगणकावर विंडोजचा कळफलक वापरावा.