टॅब्लेटवर बोलायची सवय लागली तर मूल तोंडाने बोलायचं सोडून देईल का?

तुमचा चार वर्षांचा मुलगा मोजकेच शब्द बोलतो आणि चित्र दाबलं की तो शब्द बोलून दाखवणारं अ‍ॅप हातात दिलं तर तो तेवढेही शब्द टाकून देईल, अशी भीती घरच्यांना वाटते, असं तुम्ही लिहिलंय. मी स्पीच थेरपिस्ट आहे. ही भीती मी नेहमी ऐकते आणि माझं उत्तर ठरलेलं आहे: द्या, वाट बघत बसू नका. २००६ साली या विषयावरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या भरवशाच्या नोंदींमध्ये एकाही व्यक्तीचं बोलणं कमी झालेलं आढळलं नाही. बहुतेकांचं वाढलं, जरी थोडंच.

कोणतं साधन घ्यायचं, यावर फार अडू नका. चित्रांचा छापील तक्ता, रेकॉर्ड केलेलं वाक्य ऐकवणारं बटण, टॅब्लेट, आणि हात साथ देत नसतील तर नजरेने चालणारं यंत्र, सगळ्याचा उपयोग होतो. तक्ता आजही बनवता येईल.

खरी मेख शब्दांत आहे. पालक तक्ता पाणी, बॉल, गाडी अशा नावांनी भरून टाकतात. मग मूल फक्त वस्तू मागत राहतं. 'अजून', 'नको', 'थांब', 'बघ', 'संपलं', 'मदत' हे शब्द आधी हवेत, कारण ते दिवसभर कुठेही लागतात. एका मुलीसोबत मी साबणाचे फुगे उडवत होते. तिने 'थांब' दाबलं, मी फुंकणी खाली ठेवली. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं, 'अजून' दाबलं, फुगे आले; लगेच पुन्हा 'थांब'. किती वेळ चाललं होतं ते! समोरचं माणूस आपल्या शब्दावर हलतं, हे तिला उमगलं होतं.

आणि हे साधन आधी तुम्ही वापरा. 'आता संपलं' म्हणताना तुमचंच बोट त्या चित्रावर जाऊ दे. विचारल्यावर मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहा, त्याला वेळ लागतो. 'दाखव बघू पाणी कुठंय' अशी परीक्षा घेऊ नका. चित्रांच्या जागा सारख्या बदलू नका, बोटांना त्या पाठ होतात. शिक्षा म्हणून टॅब्लेट तर कधीच काढून घेऊ नका. तो त्याचा आवाज आहे.

कानांची तपासणी अजून झाली नसेल, तर ती याच आठवड्यात करून घ्या.