वडिलांना स्लीप ॲप्निया निघाला आहे. मी सडपातळ असूनही मला तो होऊ शकतो का?

आपण लिहिले आहे की वडिलांची स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतील श्वासाची तपासणी, नुकतीच झाली, तीत तीव्र स्वरूपाचा स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा आजार, निघाला. आपले वय ३६, वजन बेताचे, पत्नी अधूनमधून घोरण्याबद्दल तक्रार करते, आणि हा आजार घराण्यात चालत येतो का, हे आपल्याला विचारायचे आहे. मी डॉक्टर नाही. पुण्यात बँकेत नोकरी करणारा माणूस आहे. मात्र आमच्या घरात वडील, धाकटे काका आणि मी असे तिघे या आजाराचे रुग्ण असल्यामुळे गेली नऊ वर्षे हा विषय मला अभ्यासावा लागला आहे. थोडक्यात उत्तर होय असेच आहे. मात्र पिढीतून पुढे येतो तो आजार नव्हे. येते ती त्याला जागा करून देणारी शरीराची ठेवण, आणि ती सडपातळ माणसातही असू शकते.

आमच्याकडे हे उघडकीस आले ते भाचीच्या लग्नात. कर्वे रस्त्यावरच्या एका कार्यालयात आदल्या संध्याकाळी सीमंतपूजन झाले आणि रात्री पुरुष मंडळींसाठी वरच्या हॉलमध्ये गाद्या घातल्या गेल्या. वडील आणि दोन्ही काका एका ओळीत झोपले होते. त्यांच्या घोरण्याचे आम्हाला काहीच नवल नव्हते. आजोबा घोरू लागले की सदाशिव पेठेतल्या वाड्यातील भाडेकरू खिडक्या लावून घेत, ही गोष्ट आमच्याकडे कौतुकाने सांगितली जात असे. त्या रात्री मला झोप येईना, म्हणून प्रथमच मी ते घोरणे नीट ऐकले. वडिलांचा आवाज चढत चढत जाई आणि मध्येच तुटे. छाती आणि पोट हलताना दिसत होते, पण श्वासाचा आवाज मुळीच नव्हता. मोबाइलवर वेळ पाहून मी मोजू लागलो. एकदा बावीस सेकंद भरले, पुढच्या खेपेला एकोणतीस. मग घशातून गुदमरल्यासारखा आवाज, कूस बदलणे, आणि पुन्हा पहिल्यापासून सारे. धाकट्या काकांचेही तसेच चालले होते. मधले काका मात्र तितक्याच मोठ्याने, पण एका लयीत, कुठेही खंड न पडता घोरत होते.

छाती हलत असताना हवा आत जात नाही, हीच या आजाराच्या नेहमीच्या प्रकाराची खूण आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि मऊ टाळू मागे सरकतात आणि श्वासाची वाट मिटते. मेंदू श्वास घेण्याचा हुकूम देत राहतो, पण वाट बंद असते. रक्तातील प्राणवायू घसरला की मेंदू क्षणभर जागा होतो, वाट उघडते, आणि त्या जागे होण्याची झोपलेल्या माणसाला सकाळी आठवणही राहत नाही. श्वास किमान १० सेकंद थांबला तरच तो मोजला जातो. तासाला असे, किंवा श्वास बराच उथळ होण्याचे, किती प्रसंग घडतात त्या आकड्याला एएचआय म्हणतात. तो ५ ते १५ असल्यास आजार सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र मानला जातो. वडिलांचा ५१ निघाला, माझा २३.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळतो. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे १९९० पासून अनेक कुटुंबांचा या दृष्टीने पाठपुरावा झाला. त्यातून आणि इतर अभ्यासांतून असे दिसते की ज्याच्या आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना हा आजार आहे, त्याला तो असण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत सुमारे दीड ते दोन पट असते, आणि माणसामाणसांच्या एएचआयमध्ये जो फरक पडतो त्याचा साधारण ४० टक्के भाग कुटुंबाशी निगडित असतो. हा सगळा भाग लठ्ठपणाच्या वाटेने येतो असेही नाही. त्यातील बराचसा वजनापासून स्वतंत्र आहे. रक्त तपासून 'तुम्हाला होणार' असे सांगणारी जनुकीय चाचणी मात्र आज उपलब्ध नाही, कारण हे काम एका जनुकाचे नसून लहानसहान परिणाम असलेल्या अनेक जनुकांचे आहे. कोणी तशी चाचणी विकत असेल तर पैसे वाचवावेत.

वारशाने येणाऱ्या गोष्टींत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती चेहऱ्याच्या हाडांची ठेवण. खालचा जबडा आखूड किंवा मागे गेलेला असला, टाळू अरुंद आणि उंच असला, की जिभेला पुढे जागा उरत नाही आणि ती घशाकडे सरकते. त्या लग्नाचे फोटो आले तेव्हा एका फोटोत तिघे भाऊ अक्षता हातात घेऊन बोहल्याकडे पाहत उभे होते, तिघांचीही बाजू कॅमेऱ्याकडे. वडिलांची आणि धाकट्या काकांची हनुवटी ओठांच्या बरीच मागे. मधल्या काकांची पुढे आलेली, थेट आमच्या आजीसारखी. एका फोटोवरून निदान होत नाही हे मला कळते, पण त्या रात्री कोणाचा श्वास तुटत होता आणि कोणाचा नव्हता, हे तो फोटो पाहताना मला पुन्हा ऐकू आले. माझी हनुवटी वडिलांवर गेली आहे; दाढी ठेवल्यामुळे ती दिसत नाही, एवढेच. आपणही एकदा आरशापुढे बाजूने उभे राहून पाहावे. आशियाई लोकांत पाश्चात्त्यांच्या तुलनेत कमी वजनावरही हा आजार आढळतो, त्याचे एक कारण चेहऱ्याची ही ठेवणच मानले जाते.

दुसरी गोष्ट चरबीची, आणि 'मी सडपातळ आहे' या आपल्या वाक्याला माझा आक्षेप येथेच आहे. आपल्याच पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या प्रा. जॉन युडकिन यांच्यासह २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३ असा अगदी सारखा. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. हे संशोधन मधुमेहाच्या संदर्भातील आहे, झोपेच्या नव्हे. पण बेताच्या वजनातही चरबी लपू शकते, हे त्यावरून पटते. मानेत, जिभेत आणि पोटावर साठलेली चरबी श्वासाच्या वाटेला बाधते, आणि ती कुठे साठावी यातही वारशाचा हात असतो. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरे बोलते. कॉलर सोळा इंचांच्या आसपास किंवा कंबर ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर आपण स्वतःला सडपातळ म्हणू नये.

याखेरीज श्वासाचे नियंत्रण करणारी मेंदूतील यंत्रणा किती संवेदनशील आहे आणि झोपेत घशाचे स्नायू किती तत्परतेने ताठ होतात, यावरही वारशाचा काही प्रभाव असतो.

वारशाने आणखी एक गोष्ट येते, तिचा जनुकांशी संबंध नाही. ती म्हणजे घोरण्याकडे घराण्याचे वैशिष्ट्य म्हणून पाहण्याची सवय. वडिलांचा रक्तदाब तीन गोळ्या घेऊनही आटोक्यात येत नव्हता. ज्या डॉक्टरांकडे ते अकरा वर्षे जात होते (नाव घेत नाही, माणूस सज्जन आहे), त्यांनी दर खेपेला गोळी वाढवली, मीठ कमी करायला सांगितले, पण रात्री झोप कशी लागते हा प्रश्न एकदाही विचारला नाही. आम्हीही आपणहून सांगितले नाही, कारण सांगण्यासारखे त्यात काही आहे असे आम्हाला वाटलेच नव्हते. औषधांना दाद न देणारा रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, पक्षाघात यांच्याशी या आजाराचा संबंध आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा डॉक्टरांनी कारणांत स्लीप ॲप्नियाचे नाव घेतले, आणि तेव्हा कुठे आमच्या काकूंनी काकांच्या मागे तपासणीचा लकडा लावला. आजार इतका दुर्मीळही नाही. मुंबईतील मध्यमवयीन पुरुषांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९.५ टक्के जणांच्या झोपेतील श्वासात बिघाड आढळला होता, आणि दिवसा पेंग येण्यासह पूर्ण आजार ७.५ टक्क्यांत.

आपल्या घरातील स्त्रियांनाही यातून वगळू नये. रजोनिवृत्तीनंतर त्यांच्यात या आजाराचे प्रमाण झपाट्याने वाढते; परंतु मोठ्याने घोरण्याऐवजी सततचा थकवा, मोडणारी झोप, सकाळची डोकेदुखी अशी लक्षणे असली की ती घरकामाच्या खाती जमा होतात. आपल्याला मूल असेल आणि ते तोंड उघडे ठेवून झोपत असेल, घोरत असेल किंवा पुन्हा अंथरूण ओले करू लागले असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. मुलांत बहुतेक वेळा टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकाच्या मागच्या बाजूची गाठ) हेच वाट अडवतात, आणि त्यावर उपाय होतो.

स्वतःसाठी आपण काय करावे, तर पत्नीच्या तक्रारीला पहिला पुरावा समजावे. तीन रात्री मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करावा, त्यातली एक रात्र मुद्दाम उताणे झोपून, कारण उताणे झोपल्यावर वाट अधिक मिटते. दारू किंवा झोपेची गोळी घेतलेली रात्र वेगळी नोंदवावी, कारण त्यांनी घसा आणखी सैल पडतो. घोरण्यात तुटक शांतता ऐकू आली, दुपारी मीटिंगमध्ये किंवा गाडी चालवताना पेंग येत असली, किंवा या वयातच रक्तदाब वाढलेला असला, तर छाती-श्वसनविकार तज्ज्ञांकडून स्लीप स्टडी करून घ्यावी. ती आता घरीही होते. माझी रुग्णालयात झाली. डोक्याला चिकट लेपाने तारा लावल्या, छातीला आणि पोटाला पट्टे बांधले, नाकाशी नळी आणि बोटाला चिमटा. अशा अवस्थेत झोप कशी लागणार असे मला वाटले, पण लागली, आणि दुसऱ्या दिवशी केसांतला लेप काढायलाच अधिक वेळ गेला.

आजार निघालाच तर घाबरून जाण्याचे कारण नाही. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे सीपॅप मशीन जगापुढे आणले. मध्यम आणि तीव्र आजारावर आजही तोच मुख्य उपचार आहे. पहिले दोन आठवडे मी मास्क झोपेतच काढून फेकत असे. नाकाच्या मापाचा लहान मास्क बदलून घेतल्यावर तो टिकला. सौम्य आजारात, विशेषतः जबडा मागे असलेल्यांना, खालचा जबडा पुढे ओढून धरणारे दातांवरचे साधनही उपयोगी पडते. मात्र ते जाणकार दंतवैद्याकडून मापाने करून घ्यावे, ऑनलाइन मागवू नये.

डॉक्टरांकडे जाताना वडिलांचा रिपोर्ट सोबत न्यावा आणि आपण होऊन पुढे करावा. ते तो मागतीलच असे नाही.