शाळेच्या आठवणी इंग्रजीत सांगताना साधा भूतकाळ कसा वापरावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मराठी माध्यमात शिकलो, काळांचे तक्ते पाठ आहेत, पण 'माझी शाळा' या विषयावर इंग्रजीत दोन मिनिटं बोलायला उभं राहिलं की 'डिडन्ट वेंट', 'वॉज स्टडीड' असलं काहीतरी तोंडातून जातं. मग सराव नेमका कशाचा करायचा?

तक्त्यांचा तर नकोच. तक्ता पाठ असूनही चूक होते, कारण बोलताना आपण मनात मराठी वाक्य जुळवतो आणि त्यातल्या क्रियापदाला इंग्रजीत जोडीदार शोधतो. मराठीत आठवण सांगायला 'गेलो', 'जायचो', 'जात असे', 'गेलो होतो' अशी भरपूर रूपं आहेत. शाळेच्या आठवणींत या सगळ्यांसाठी इंग्रजीत बहुतेक वेळा एकच रूप पुरतं: 'वेंट'. एवढं मनात पक्कं बसलं की अर्ध्याहून जास्त चुका आपोआप थांबतात.

आधी 'जायचो' घ्या. 'आम्ही सायकलने शाळेत जायचो', 'बाई रोज पाढे म्हणून घ्यायच्या' ही आठवणींची नेहमीची भाषा. त्याचं 'वी वेअर गोइंग', 'टीचर वॉज टेकिंग' असं होतं. ऐकणाऱ्याला वाटतं, जाताना वाटेत काहीतरी घडलं आणि ते आता सांगणार. तुम्ही तर फक्त रोजची सवय सांगत असता. सवयीचा अर्थ 'एव्हरी डे', 'ऑन सॅटर्डेज', 'आफ्टर स्कूल' अशा शब्दांवर सोपवा आणि क्रियापद साधंच ठेवा: 'एव्हरी डे वी वेंट टू स्कूल बाय सायकल.' 'यूज्ड टू' चालतं, उच्चार 'यूस्टू', पण ते पहिल्या एक-दोन वाक्यांपुरतंच ठेवावं असं माझं मत आहे. प्रत्येक वाक्यात आलं की बोलणं रटाळ होतं. 'वुड' वापरायचं असेल तर फक्त कृतीसाठी: 'वी वुड प्ले कबड्डी.' 'शाळेत विहीर होती' यासारख्या स्थितीसाठी 'वुड' नाही, तिथे 'देअर वॉज अ वेल' एवढंच.

मग 'गेलो होतो'. 'सातवीत आम्ही रायगडला गेलो होतो' हे मराठीत अगदी स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच ते 'वी हॅड गॉन टू रायगड' होऊन बाहेर पडतं. इंग्रजीत 'हॅड' लागतो तो मागच्या दोन घटनांपैकी आधीची कोणती हे दाखवायला: 'व्हेन आय रीच्ट स्कूल, द प्रेअर हॅड स्टार्टिड.' प्रार्थना आधी, तुम्ही नंतर. अशी जोडी नसेल तर 'वी वेंट टू रायगड' म्हणा. 'होतो म्हणजे वॉज' हे समीकरण डोक्यात बसलेलं असलं की 'मी तिथे शिकलो होतो'चं 'आय वॉज स्टडीड देअर' होतं. 'स्टडीड'ला कोणाचीही मदत लागत नाही: 'आय स्टडीड देअर.'

'डिडन्ट वेंट' का होतं तेही पाहा. मराठीत 'गेलो'चा नकार 'गेलो नाही'. भूतकाळ क्रियापदातच राहतो, 'नाही' नुसता शेजारी येऊन बसतो. इंग्रजीत मात्र 'डिड' आला की भूतकाळ त्याच्याकडे जातो आणि क्रियापद मूळ रूपात परततं: 'आय डिडन्ट गो', 'शी डिडन्ट टीच अस मॅथ्स', 'डिड यू टेक पार्ट?' अपवाद 'वॉज-वेअर'चा, त्यांना 'डिड' लागतच नाही: 'आय वॉज नॉट गुड ॲट ड्रॉइंग.' याचा सराव जोडीनेच करा. होकार म्हटला की लगेच त्याचा नकार: 'वेंट – डिडन्ट गो', 'ब्रॉट – डिडन्ट ब्रिंग', 'रोट – डिडन्ट राइट'. जीभ तयार व्हायला यापेक्षा चांगला उपाय नाही.

एक दिलासाही आहे. मराठीत 'मी डबा खाल्ला, पोळी खाल्ली, लाडू खाल्ले' असं कर्माप्रमाणे क्रियापद बदलतं, आणि 'तो गेला, ती गेली, ते गेले' असं कर्त्याप्रमाणे. इंग्रजीत सगळ्यांना 'एट', सगळ्यांना 'वेंट'. 'ही', 'शी'मुळे शेवटी 'स' लावण्याची कटकट वर्तमानकाळातली. इथे ती नाही.

अनियमित क्रियापदं ए-बी-सी क्रमाने पाठ करू नका, नादाने करा. टॉट, कॉट, ब्रॉट, थॉट, बॉट. रोट, रोड, स्पोक, ब्रोक. सँग, रॅन, सॅट, बिगॅन. न बदलणारे हिट, कट, पुट. 'फेल' आणि 'फेल्ट' यांत गोंधळ होतो: पडलो ते 'फेल', वाटलं ते 'फेल्ट'. 'रीड'चं स्पेलिंग भूतकाळात तेच राहतं, उच्चार 'रेड' होतो. शाळेच्या आठवणींना अशी तीसेक क्रियापदं पुरतात.

नियमित क्रियापदांत घोटाळा उच्चाराचा. स्पेलिंगमध्ये शेवटी 'ई-डी' दिसतं म्हणून 'वॉकेड', 'आस्केड', 'पनिशेड' असं वाचलं जातं. उच्चार तीन आहेत. मूळ क्रियापद ट किंवा ड ने संपत असेल तरच 'इड': वॉन्टिड, स्टार्टिड, शाउटिड, डिसायडिड. क, प, फ, स, श, च या ध्वनींनी संपत असेल तर नुसता 'ट': वॉक्ट, लाफ्ट, मिस्ट, पनिश्ट, वॉच्ट. बाकी सगळीकडे 'ड': प्लेड, लर्न्ड, क्लीन्ड, क्लाइम्ड. इथे अक्षर पाहायचं नाही, ध्वनी ऐकायचा. 'लाफ'च्या स्पेलिंगमध्ये शेवटी 'जी-एच' असलं तरी कानाला फ ऐकू येतो, म्हणून 'लाफ्ट'. शेवटचा ट किंवा ड जड वाटला तर पुढच्या शब्दाला जोडा: 'वॉक्ट इन' हे 'वॉक्टिन', 'प्लेड इन' हे 'प्लेडिन'. तोडून म्हणायला गेलात की एकतर तो गळतो, नाहीतर 'एड' होतो.

काही वाक्यं मराठीतून जशीच्या तशी उचलली की हमखास चुकतात. 'दहा वर्षांपूर्वी' हे 'बिफोर टेन इयर्स' नाही, 'टेन इयर्स अगो'. 'परीक्षा दिली'चं 'गेव्ह' नको, 'टुक द एक्झॅम' म्हणा. 'मला चित्रकला आवडायची' हे 'आय लाइक्ट ड्रॉइंग'. 'वॉज लाइकिंग' नाही. 'सरांनी आम्हाला सांगितलं' हे 'सर टोल्ड अस', मध्ये 'टू' नको. साल सांगताना 'हॅव' नको: 'आय फिनिश्ट स्कूल इन 2011.' 'पास्ट आउट' आपल्याकडे सगळ्यांना कळतं, पण परदेशी माणसाला त्याचा अर्थ चक्कर येऊन पडलो असाच आधी लागतो.

आता प्रत्यक्ष बोलणं. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत, तिच्या तोंडी चाचणीच्या दुसऱ्या भागात एक मिनिट तयारीला आणि एक ते दोन मिनिटं बोलायला मिळतात. तुमची परीक्षा कुठलीही असो, सराव याच मापाने करा. तयारीच्या मिनिटात वाक्यं लिहू नका, फक्त आठ-दहा क्रियापदं भूतकाळी रूपात लिहा. सुरुवात वर्तमानकाळात होते: 'आय स्टिल रिमेंबर अवर ट्रिप टू रायगड.' आठवतं आता, म्हणून 'रिमेंबर्ड' नाही. पुढे असं:

'आय वॉज इन द सेव्हन्थ स्टँडर्ड. वी लेफ्ट ॲट फाइव्ह इन द मॉर्निंग. माय मदर गेव्ह मी पुरी-भाजी. द बस ब्रोक डाउन निअर महाड. व्हाइल द ड्रायव्हर वॉज रिपेअरिंग इट, वी सँग साँग्ज. वी क्लाइम्ड मोर दॅन अ थाउजंड स्टेप्स. आय डिडन्ट टेक इनफ वॉटर, सो माय फ्रेंड शेअर्ड हिज बॉटल.'

यात 'वॉज रिपेअरिंग' एकदाच आलंय आणि ते योग्य जागी आहे: एक काम चालू होतं, त्या वेळात दुसरं घडलं. 'क्लाइम्ड'मधला ब उच्चारत नाहीत.

स्वतःची अशी आठवण फोनवर रेकॉर्ड करा आणि दोनदा ऐका. पहिल्यांदा फक्त 'वॉज', 'हॅड', 'डिड' कुठे आगाऊ घुसलेत ते टिपा. दुसऱ्यांदा फक्त शब्दांचे शेवट ऐका. दोन्ही एकदम तपासायला गेलात तर दोन्ही निसटतात. मग तीच आठवण न वाचता पुन्हा सांगा.

बोलून झाल्यावर समोरचा प्रश्न विचारतो, तिथे सावध राहा. 'व्हॉट डिड यू ईट?' असं त्याने विचारलं की त्याच्या प्रश्नातलं 'डिड' आणि 'ईट' कानात राहतं आणि उत्तर 'आय डिड ईट पुरी' असं येतं. होकारार्थी उत्तरात 'डिड' काढून टाकायचा आणि भूतकाळ पुन्हा क्रियापदात आणायचा: 'आय एट पुरी.' यासाठी कोणाला तरी दहा प्रश्न विचारायला सांगा, आणि प्रत्येक उत्तर पूर्ण वाक्यात द्या.