दोन ऑक्साइडांच्या सांध्यातली अतिवाहकता

प्रश्न : स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या स्फटिकावर लँथनम ॲल्युमिनेटचा थर पल्स्ड लेझरने (लेझरच्या स्पंदांनी पदार्थ उडवून) बसवला. दोन्ही ऑक्साइड एरवी विद्युतरोधक, पण त्यांच्या सांध्यात वीज वाहायला हवी. एक नमुना अजिबात वाहत नाही, दुसरा संशय यावा इतका वाहतो. द्रव हेलियमच्या 4.2 केल्विनलाही (उणे 269 अंश सेल्सिअस) रोध शून्य होत नाही, म्हणजे अतिवाहकता येत नाही. काय चुकतंय?
– एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : न वाहणाऱ्या नमुन्यात आधी टायटनेटचा पृष्ठभाग पाहा. सगळ्यात वर टायटेनियम-ऑक्सिजनचाच पदर हवा. स्ट्रॉन्शियमचा राहिला, तर सांधा विद्युतरोधकच राहतो. त्यासाठी स्फटिक दहा मिनिटं शुद्ध पाण्यात अल्ट्रासॉनिकमध्ये ठेवा, बफर्ड हायड्रोफ्लोरिक आम्लात साधारण 30 सेकंद बुडवा, मग ऑक्सिजनमध्ये 950 अंश सेल्सिअसला तासभर भाजा. भांडं टेफ्लॉनचं, काचेचं नको. या आम्लाने त्वचा भाजली तर लावायला कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी हवंच. फार वेळ भाजलं, तर स्ट्रॉन्शियम पुन्हा वर येतं.

थराची जाडीही मोजा. किमान चार एकक-कोष (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारी सर्वांत लहान रचना) लागतात. तिनाला सांधा वाहत नाही. थर चढत असताना पृष्ठभागावरून होणाऱ्या इलेक्ट्रॉन विवर्तनाची तीव्रता वरखाली होते; तिचं एक आंदोलन म्हणजे एक कोष.

दुसऱ्या नमुन्याबद्दल आम्हाला जास्त काळजी वाटते. ऑक्सिजनचा दाब 10⁻⁶ मिलीबारपर्यंत उतरला, की टायटनेटमधून ऑक्सिजन निघून जातो आणि सांध्याऐवजी अख्खा स्फटिकच वाहू लागतो. दाब 10⁻⁴ मिलीबारच्या आसपास, तापमान 800 अंशांजवळ ठेवा. थर झाल्यावर काही शे मिलीबार ऑक्सिजनमध्ये 600 अंशांना तासभर ठेवूनच थंड करा. हॉल मापनात (चुंबकीय क्षेत्रात वाहक इलेक्ट्रॉनांची संख्या मोजण्याच्या पद्धतीत) प्रति चौरस सेंमी 10¹³ च्या घरातले इलेक्ट्रॉन मिळाले, तर ते सांध्याचे मानता येतील. 10¹⁶ आले, तर नमुना बाद. एक कोरा स्फटिक याच सगळ्या पायऱ्यांतून न्या, फक्त थर देऊ नका. तो वाहू लागला, तर दोष तुमच्या प्रक्रियेत आहे. ही चाचणी बरेच जण टाळतात, टाळू नये.

आता तापमान. 2007 साली या सांध्यात अतिवाहकता सापडली ती 0.2 केल्विनला, स्फटिकाच्या मागच्या बाजूने विद्युतदाब (गेट व्होल्टेज) लावून ती 0.3 पर्यंत नेता येते. म्हणजे डायल्यूशन फ्रिज (हेलियमच्या दोन समस्थानिकांच्या मिश्रणाने एक केल्विनच्याही बरंच खाली नेणारं यंत्र) लागणार. तिथेही मापनाचा प्रवाह नॅनोअँपिअरमध्येच ठेवा आणि तारांवर रेडिओ फिल्टर बसवा, नाहीतर इलेक्ट्रॉन तापतात आणि रोध शून्याला येतच नाही. नमुना आदल्या दिवसापासून अंधारात असू द्या. प्रकाशाने वाढलेली वाहकता तासन् तास टिकते.

असा फ्रिज नसेल, तर पोटॅशियम टँटलेटच्या (111) पृष्ठाकडे, म्हणजे स्फटिक घनाच्या कर्णाला काटकोनात कापून मिळणाऱ्या पृष्ठाकडे वळा. युरोपियम ऑक्साइडबरोबरच्या सांध्यात 2021 मध्ये 2 केल्विनजवळ अतिवाहकता मिळाली, आणि साध्या हेलियमची वाफ पंपाने ओढून तिथवर पोहोचता येतं. मात्र टँटलेट टायटनेटसारखा भाजू नका, पोटॅशियम उडून जातं.