वाचक विचारतात : उतरत्या हंगामातलं गुलमर्ग, स्की आणि कॅमेरा

शाळांच्या परीक्षा संपतात तेव्हा हिमालयातला हंगाम उतरणीला लागलेला असतो, आणि आपल्याकडच्या बहुतेकांच्या सुट्ट्या नेमक्या तेव्हाच मोकळ्या होतात. मार्चअखेरच्या बर्फाबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. बहुतेक प्रश्न गुलमर्गचे आहेत, त्यामुळे उत्तरंही तिथलीच.

प्रश्न : २५ मार्च ते १ एप्रिल अशी सुट्टी मिळते आहे. टूरवाला म्हणतो भरपूर बर्फ असतो, मित्र म्हणतो नुसता चिखल. कोणाचं खरं मानायचं? (पुणे)

दोघांचंही. दोघं वेगवेगळ्या उंचीबद्दल बोलतायत, एवढंच. गुलमर्गचं मैदान साधारण २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरीला, म्हणजे ३,०५० मीटरच्या आसपास सोडतो, आणि दुसरा अफरवत डोंगराच्या अंगावर ३,९५० मीटरच्या जवळपास. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मैदानातला बर्फ जागोजागी फाटलेला असतो. मधूनच पिवळं गवत, घोड्यांची लीद, स्लेजच्या वाटांवर काळपट पाणी. कोंगडोरीला मात्र सहसा चांगला थर टिकून असतो, आणि अफरवतवर तर एप्रिलमध्येही.

काश्मिरी हिवाळ्याचे तीन भाग, चाळीस दिवसांचं चिल्लई कलान, वीस दिवसांचं चिल्लई खुर्द आणि दहा दिवसांचं चिल्लई बच्चा, मार्च उजाडेपर्यंत आटोपतात. पण पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून बर्फ-पाऊस घेऊन येणाऱ्या वादळी प्रणाली, काही कॅलेंडर बघून येत नाहीत. २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फ कमी म्हणून फेब्रुवारीतून पुढे ढकलाव्या लागल्या आणि गुलमर्गलाच ९ ते १२ मार्चला झाल्या. तेव्हा उशिरा जाणं म्हणजे उरलंसुरलं गोळा करणं, असं समजू नका.

खरा फरक पडतो तो दिवसाच्या वेळापत्रकात. जानेवारीत दिवसभर स्की करता येतं. मार्चअखेरीला दुपारी वितळायचं आणि रात्री गोठायचं, हे चक्र रोज चालतं. सकाळी आठला उतार काचेसारखा कडक असतो, दहा-साडेदहाला वरचे दोन-तीन सेंटिमीटर सैल होतात आणि बर्फ जाड साखरेसारखा दाणेदार होतो. स्कीसाठी हीच उत्तम वेळ, नवशिक्याला तर वरदानच. साडेबारा-एकनंतर त्याचा लगदा होतो. म्हणून पहाटे आणि संध्याकाळी कॅमेरा, दहा ते साडेबारा स्की, दुपारी जेवण आणि आराम. हा क्रम पाळायचा तर मुक्काम गुलमर्गलाच हवा, किमान चार रात्री. श्रीनगरहून रोज ये-जा केलीत तर पोहोचेपर्यंत चांगला बर्फ संपलेला असेल. श्रीनगरची ट्युलिप बाग साधारण याच सुमारास उघडते, त्यामुळे तिथली हॉटेलं आधीच धरून ठेवा. गोंडोलाची तिकिटंही ऑनलाइन, आधीच काढा. आणि दुसरा टप्पा पहिल्याच स्वच्छ दिवशी उरकून घ्या. वारा सुटला की तो बंद होतो, मग 'उद्या बघू' म्हणणारे खालीच राहतात.

प्रश्न : मागच्या वेळी भाड्याच्या स्की बुटांनी अर्ध्या तासात पाय बधिर झाले. मोठा साइझ मागितला तर टाच उचलली जायची. काय चुकलं? (नाशिक)

मोठा साइझ मागितलात, तिथेच चुकलं. स्की बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. घरीच भिंतीला टाच टेकवून उभे राहा, अंगठ्याच्या टोकाशी खूण करा आणि मोजा. २६ सेंटिमीटर भरलं तर २६ किंवा २६.५ चा बूट. चपलेचा आठ-नऊ नंबर तिथे सांगून उपयोग नाही.

घालायची पद्धतही ठरलेली आहे. पायात एकच पातळ, गुडघ्यापर्यंतचा मोजा. दोन घातले की रक्तप्रवाह दाबला जातो आणि पाय उलट जास्त गार पडतात. थर्मलची पँट बुटाच्या वरच राहू द्या, तिची घडी नडगीवर आली की संध्याकाळपर्यंत तिथे लालभडक पट्टा उमटतो. पाय आत घातल्यावर टाच दोनदा जमिनीवर आपटून मागे बसवा. आधी घोट्याजवळचं बक्कल लावा, मग त्याच्या वरचं. पंज्यावरची दोन फक्त अडकतील इतपत. बधिरपणा बहुतेक वेळा याच दोन बकलांमुळे येतो, लोक तीच करकचून आवळतात. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकेच टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर मागे सरकली पाहिजेत. पुढे झुकून टाच उचलायचा प्रयत्न करा. उचलली गेली तर बूट मोठा आहे.

दुकान सोडण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी बघाच. नवशिक्याची स्की जमिनीवर उभी धरल्यावर हनुवटी ते नाक इथपर्यंत यावी. दुसरी गोष्ट बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीवर धरून ठेवणाऱ्या पकडीची. पुढच्या आणि मागच्या भागावर छोट्या खिडकीत एक आकडा दिसतो, त्यावर पडल्यावर स्की किती जोरात सुटेल ते ठरतं. वजन, उंची, वय, सराव आणि बुटाच्या तळव्याची लांबी धरून तो लावायचा असतो. साठ-सत्तर किलोच्या नवशिक्याला तो साधारण ३ ते ५ च्या दरम्यान येतो. 'सारखी निघू नये' म्हणून ७-८ वर कसून देणारेही भेटतात. मग स्की सुटत नाही आणि गुडघ्याचं लिगामेंट सुटतं. आकडा दाखवा म्हणून सांगा आणि तक्त्यावरून लावून घ्या. शेवटी कडेवरून नख आडवं फिरवून बघा. नखाचा कीस निघाला तर कडा धारदार आहे. सकाळच्या कडक बर्फावर बोथट कडेची स्की म्हणजे ओल्या फरशीवरची रबरी चप्पल.

प्रश्न : दुपारी स्की मधेच ब्रेक लागल्यासारखी थांबते आणि मी तोंडावर आपटतो. तंत्राचा दोष की स्कीचा? (कोल्हापूर)

मुख्यतः पाण्याचा. लगद्यात पाणी इतकं असतं की स्कीच्या तळाखाली त्याचा सलग पापुद्रा तयार होतो आणि तळ चिकटून बसतो, दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटतात तसा. सावलीतून उन्हात येताना हे जास्त जाणवतं. सावलीत स्की पळते, उन्हाचा पट्टा लागला की पाय थांबतात आणि धड पुढे जातं. असा पट्टा दिसला की गुडघे सैल ठेवा, एक पाऊल किंचित पुढे घ्या.

उपाय मेणाचा. मेण तापमानानुसार वेगळं असतं. शून्याच्या आसपास आणि वरच्या ओल्या बर्फाला उबदार श्रेणीचं, बऱ्याच कंपन्यांचं पिवळ्या रंगाचं, लागतं. भाड्याच्या स्कीला बहुधा काहीच लावलेलं नसतं. चोळायच्या मेणाची छोटी वडी खिशात ठेवा, तळ कोरड्या फडक्याने पुसा, चोळा, बुचाने घासून चकचकीत करा. ते तासभर टिकतं. या दिवसांत बर्फात धूळ, परागकण आणि पाइनच्या काड्या साठलेल्या असतात, त्याही तळाला चिकटतात, म्हणून आधी पुसायलाच हवं. आणि एक वाजून गेला असेल तर स्की काढून ठेवा. थकलेले पाय आणि जड लगदा, गुडघा मुरगळायला एवढं पुरतं.

प्रश्न : बर्फाचे फोटो एकतर करडे येतात किंवा निळे. कॅमेरा चांगला आहे. सेटिंग सांगा. (ठाणे)

कॅमेऱ्याचा मीटर समोर जे असेल त्याला मध्यम करडं समजून मोजतो. फ्रेमभर पांढरं दिसलं की त्याला वाटतं प्रकाश फार झाला, आणि तो फोटो काळवंडवतो. उपाय म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक करणं. उन्हातल्या बर्फाला +१ पासून सुरुवात करा, ढगाळ वातावरणात फ्रेमभर बर्फ असेल तर +१.७ ते +२. मग हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघा. ढीग उजवीकडे हवा, पण भिंतीला चिकटलेला नको. हायलाइटची, म्हणजे अति उजळ झालेल्या भागांची, लुकलुक चालू करून ठेवा. सूर्याजवळ थोडी लुकलुकली तर चालेल, बर्फाच्या पोतावर लुकलुक दिसली तर एक तृतीयांशाने खाली या.

मॅन्युअलवर काम करणाऱ्यांसाठी : निरभ्र दुपारी, सूर्य पाठीशी असताना, आयएसओ १००, एफ/८, १/८०० सेकंद. इथून वरखाली करा. स्कीवर वळणारा माणूस गोठवायचा तर १/१६०० हवं, त्यासाठी आयएसओ २००. उडणारा बर्फाचा फवारा सूर्य तुमच्या समोर किंवा बाजूला असेल तरच चमकतो, तुमच्या पाठीमागून प्रकाश आला की तो पांढऱ्यावर पांढरा होऊन विरतो.

निळेपणाचं कारण सावली. सावलीतल्या बर्फावर सूर्याचा नव्हे, आकाशाचा प्रकाश पडतो, आणि आकाश निळंच असतं. रॉ फाइल घ्या, व्हाइट बॅलन्स ५,५०० केल्विनच्या आसपास पक्का ठेवा, नंतर लागेल तसा बदला. पण सावलीतला सगळा निळा पुसू नका, चित्राला थंडी त्यानेच येते. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करून आकाश गडद करणारा फिल्टर, नेलात तर अर्धाच फिरवा. अफरवतवर आकाश आधीच गडद असतं, पूर्ण फिरवल्यावर ते काळं पडतं, आणि रुंद लेन्सवर तर एका कोपऱ्यात काळं, दुसऱ्यात फिकं. मोबाइलवाल्यांनी बर्फावर बोट टेकवून सूर्याची खूण थोडी वर सरकवावी.

आता विषय काय निवडायचा? मैदानातला मळका बर्फ दुपारी टाळा. मार्चअखेरीला सूर्य साधारण साडेसहाच्या आत उगवतो. पहिल्या तासात तिरका प्रकाश वाऱ्याने कोरलेल्या रेघांवर आडवा पडतो आणि कालच्या पावलांचे ठसे अजून गोठलेले असतात. अफरवत गुलमर्गच्या पश्चिमेला आहे, म्हणून संध्याकाळी मैदान घड्याळाच्या मानाने लवकर सावलीत जातं. सूर्यास्ताच्या भरवशावर बसू नका. बर्फ किंवा पाऊस पडून गेल्यानंतरच्या स्वच्छ सकाळी उत्तरेला ८,१२६ मीटरचं नंगा पर्वत दिसतं. ते सुमारे १३० किलोमीटरवर आहे, म्हणजे फुल फ्रेमवर २०० मिलिमीटरने फ्रेमच्या उंचीचा थोडासाच हिस्सा भरेल. ३०० असेल तर न्या. नऊनंतर धुरकट हवेत ते पुसट होत जातं.

प्रश्न : हॉटेलवर परतलो की लेन्सवर आतून धुकं धरतं. बॅटरीही झपाट्याने उतरते. (डोंबिवली)

धुकं थंडीचं नसून तुमच्या खोलीतल्या बुखारीचं, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीचं, आहे. तापलेल्या खोलीतली दमट हवा गार काचेला लागली की पाणी सुटतं. दारात शिरण्यापूर्वी, बाहेरच, कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून हवा काढून बंद करा आणि दीड-दोन तास उघडू नका. कार्ड आधीच काढून घ्या, नाहीतर फोटो बघायच्या घाईत पिशवी उघडली जाते. बुखारीजवळ ठेवून 'वाळवू' नका, गोंद आणि रबर दोन्ही बिघडतात. बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. गार होऊन 'संपलेली' बॅटरी गरम झाली की बऱ्याचदा पुन्हा चालते. विमानात जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिन बॅगेतच न्यायच्या. स्की करताना मोठा कॅमेरा गळ्यात नको, पडलात की तो बरगडीत घुसतो.

प्रश्न : अफरवतवरून गाइडसोबत दोऱ्यांनी आखलेल्या हद्दीपलीकडच्या उतारावर जायचा बेत आहे. मार्चअखेरीला हिमस्खलनाचा धोका संपलेला असतो ना? (मुंबई)

नाही, फक्त त्याची जात बदलते. हिवाळ्यात ताज्या बर्फाची पाटी सरकते, वसंतात ओला बर्फ स्वतःच्या वजनाने खाली येतो. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवतच्या हापतखुड भागात दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात गेले. ते दिवस भर हिवाळ्याचे होते, पण उतार तेच आहेत.

रात्र निरभ्र होती का, हा पहिला प्रश्न. निरभ्र रात्री बर्फ उष्णता बाहेर फेकतो आणि घट्ट गोठतो. ढग असतील तर गोठतच नाही, आणि सकाळपासूनच धोका असतो. साडेनऊला बुटाने उभं राहून बघा. पाय घोट्याच्या वर रुतला तर त्या दिवशी उतार सोडा. झाडांखालून, खडकांखालून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळायला लागले की तीही निघायची खूण. डीआरडीओची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, प्रशासन ते जिल्हावार जाहीर करतं. तुमचा जिल्हा बारामुल्ला. बीकन (गाडलेल्याचा ठाव देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं, फक्त गाइडकडे असून भागत नाही. गाइडच गाडला गेला तर शोधणार कोण? गाडलेला माणूस वाचण्याची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच असते, खालून मदत यायला त्याहून जास्त वेळ लागतो. दोन दिवसांचा सराव असणाऱ्याने तर हा बेत मनातही आणू नये.

प्रश्न : साधा गॉगल चालेल का? गुलमर्गच्या पायथ्याशी टंगमर्गला कोट आणि गमबूट भाड्याने मिळतात म्हणे. (सांगली)

कडेने प्रकाश शिरतो तो गॉगल चालणार नाही. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी चुरचुर काही तासांनी, रात्री सुरू होते, तोपर्यंत उशीर झालेला असतो. उन्हासाठी श्रेणी ३ ची (गडद) काच घ्या, ढगाळ दिवसासाठी श्रेणी १ ची (फिकी). सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा, ऊन तिथे खालून येतं. टंगमर्गचे कोट-गमबूट फोटोपुरते ठीक आहेत, पण ते आतून ओले नाहीत ना, हात घालून बघा. जीन्स मात्र घरीच ठेवा. एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही.

प्रश्न : ड्रोन न्यावा का? (छत्रपती संभाजीनगर)

नको. नियंत्रण रेषा जवळ आहे, परवानगीशिवाय उडवलात तर ड्रोनही जाईल आणि सुट्टीही. श्रीनगरच्या विमानतळावर कॅमेराही बाहेर काढू नका, तो हवाई दलाचा तळ आहे. परतीच्या दिवशी तीन तास आधी पोहोचा, तपासण्या एकाहून जास्त असतात.

प्रश्न : फोन चालतो का? (सोलापूर)

पोस्टपेड चालतो. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. गोंडोलाचं तिकीट फोनवर असेल तर निघण्यापूर्वी डाउनलोड करा आणि एक छापील प्रत खिशात ठेवा.